मोबाइल मेल वापरकर्ते आणि स्पॅमगाळणी

संस्थेच्या मेल सर्व्हरवर खाते असलेल्या, पण मोबाइल डेटावरून मेल पाठवणाऱ्या व्यक्तीचा मेल त्याच सर्व्हरच्या स्पॅमगाळणीत अडकू नये यासाठी करावयाची व्यवस्था.

कारणे : बाहेरून आलेला मेल स्वीकारण्याआधी गाळणी पाठवणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता तपासते. कार्यालयाचा पत्ता सहसा ठरलेला असतो. मोबाइलचा सतत बदलतो आणि अनेकदा एकच पत्ता असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो. असे पत्ते स्पॅमहाउस या संस्थेच्या ‘पीबीएल’ यादीत नोंदवले जातात, कारण त्यांवरून दुसऱ्या सर्व्हरकडे थेट मेल जाणे अपेक्षित नसते. त्यामुळे चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) येथून एखाद्या कर्मचाऱ्याने फोनवरून पाठवलेला मेल त्याच्याच कार्यालयाचा सर्व्हर नाकारू शकतो. २००३ मध्ये पुढे आलेल्या ‘ग्रेलिस्टिंग’मध्ये अनोळखी पत्त्याला ‘थोड्या वेळाने या’ असे सांगितले जाते. पाठवणारा सर्व्हर असल्यास तो पुन्हा प्रयत्न करतो. फोनवर मात्र मेल ‘आउटबॉक्स’मध्येच पडून राहू शकतो.

उपाय : आपल्या वापरकर्त्याची ओळख पत्त्यावरून न पटवता पासवर्डने पटवणे, हे मुख्य सूत्र. त्यासाठी वापरकर्त्यांचे पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचे क्रमांकित द्वार) वेगळे असते. पोर्ट २५ सर्व्हरांच्या आपसांतील देवाणघेवाणीसाठी ठेवतात. वापरकर्त्यांसाठी ५८७ हे पोर्ट १९९८ मध्ये सुचवले गेले. २०१८ च्या शिफारशीनुसार सुरुवातीपासून कूटबद्ध असलेले ४६५ अधिक पसंत केले जाते. नियमांचा क्रमही महत्त्वाचा : ओळख पटलेल्याला मुभा देणारा नियम पीबीएलसारख्या काळ्या यादीच्या तपासणीआधी यावा. पुढे मजकूर तपासणारी गाळणी वेगळ्या यंत्रावर असल्यास, मेल ओळख पटवून आला ही नोंद मेलच्या शीर्षभागात हवी. अन्यथा तेथे मोबाइलचा पत्ता पुन्हा दोषी ठरतो.

मर्यादा : पासवर्ड चोरीस गेल्यास हीच मुभा स्पॅम पाठवणाऱ्याच्या हाती पडते. म्हणून प्रत्येक खात्याला ताशी मेलमर्यादा घालतात आणि बाहेर जाणारा मजकूरही तपासतात.

येणारा मेल : फोनवर येण्याआधीच सर्व्हरवर गाळल्यास डेटा वाचतो. चुकून अडकलेला मेल शोधण्यासाठी, मेल वाचण्याच्या दोन पद्धतींपैकी आयमॅप सोयीची, कारण त्यात ‘जंक’ कप्पाही दिसतो. पॉप३ मध्ये केवळ मुख्य पेटी दिसते.