आधी खडा ओळखावा

कुत्र्याच्या मूत्राशयातला खडा खाण्यापिण्याने विरघळतो का? याला एकच उत्तर नाही, आणि का नाही ते या उपचाराच्या इतिहासातून उलगडतं. पोटातून औषध देऊन खडा विरघळवण्याची धडपड आधी माणसांसाठी झाली. १७३९ साली ब्रिटिश संसदेने जोआना स्टीफन्स या बाईच्या औषधाची कृती जाहीर व्हावी म्हणून ५,००० पौंडांची तरतूद केली. त्या कृतीत अंड्यांची भाजलेली टरफलं, भाजलेल्या गोगलगायी आणि साबण होता. सगळे खडे एकाच जातीचे समजले जात, तोवर असं औषध कुणाला लागू पडेल हे नशिबावरच होतं. १७९७ मध्ये विल्यम हाइड वोलॅस्टन याने खड्यांचे रासायनिक प्रकार वेगळे करून दाखवले आणि खडा कशाचा आहे हा प्रश्न प्रथमच नेमका विचारता येऊ लागला.

कुत्र्यांच्या वाट्याला ही दृष्टी फार उशिरा आली. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑस्बॉर्न यांनी १९८१ मध्ये खडे तपासण्याचं केंद्र उभं केलं. खडा कशाचा हे कळलं, की उपचारही ठरवता येतो. स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा खडा. कुत्र्यांत तो बहुधा जंतुसंसर्गातून होतो: जंतू युरिया फोडतात, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षार साचतात. प्रथिनं, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम कमी असलेला, लघवी आम्लधर्मी करणारा आहार प्रतिजैविकांच्या जोडीने काही आठवडे दिला, की हा खडा शस्त्रक्रियेविना विरघळतो. ही फार मोठी कमाई होती. पण डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यांत होणाऱ्या युरेट खड्याला नेमकं उलट लागतं. तिथे लघवी अल्कधर्मी ठेवायची आणि काळीज, गुर्दा असे प्युरीनयुक्त पदार्थ टाळायचे. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा तर कोणत्याच आहाराने विरघळत नाही. तो त्रास देत असेल, तर काढावाच लागतो.

यावर आक्षेप असा, की आम्लधर्मी आहार रूढ झाला त्याच काळात तपासणीत ऑक्झलेटचं प्रमाण वाढलं, म्हणजे आहारानेच घात केला. हा संशय अगदीच निराधार नाही, आम्लधर्मी लघवी ऑक्झलेटला पोषक ठरते. तरीही ज्या कुत्र्याचा स्ट्रुव्हाइट मूत्राशयातच विरघळला, त्याचा खडा प्रयोगशाळेत पोचतच नाही. साहजिकच उरलेल्यांत ऑक्झलेटचा वाटा फुगून दिसतो. सारा दोष आहारावर टाकता येत नाही तो म्हणून.

आपल्याकडे मुतखड्यावर कुळथाचं कढण देतात. ते कुत्र्याला दिलं तर जास्तीच्या पाण्याने लघवी पातळ होईल, आणि पातळ लघवी कोणत्याही खड्यात हिताचीच. मात्र ऑक्झलेट त्याने विरघळणार नाही आणि स्ट्रुव्हाइटमागचा संसर्ग जाणार नाही. शिवाय कढणाला दिलेली लसणाची फोडणी कुत्र्याला विषारी आहे, कांदाही तसाच. नर कुत्र्याला लघवीच होत नसेल, तर खडा मूत्रनलिकेत अडकलेला असू शकतो; तेव्हा आहाराची वाट न बघता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावं लागतं.