हरीण-वाहन धडक

जंगल, माळरान किंवा शेतशिवारातून जाणाऱ्या रस्त्यावर हरीण आणि वाहन यांची होणारी टक्कर. मराठी बोलण्यात ‘हरीण’ हा शब्द सैल आहे. शिंगे गाळणारी चितळ, सांबर, भेकर ही सारंगकुळातली. शिंगे कायम राहणारी काळवीट, चिंकारा, नीलगाय ही कुरंगकुळातली. रस्त्यावर मात्र दोहोंचा धोका सारखाच, म्हणून या नोंदीत ती एकत्र घेतली आहेत. विदर्भात नीलगायीला रोही म्हणतात. रात्री हरभऱ्याच्या शेतातून निघून सडक ओलांडणारा रोह्याचा नर दोनशे किलोंहून जड भरू शकतो. दुचाकीस्वाराला अशी धडक जिवावरची ठरते.

हरणांची हालचाल पहाटे आणि दिवेलागणीला सर्वाधिक असते. त्यांचे डोळे मंद उजेडासाठी घडलेले आहेत. दृष्टिपटलामागच्या थरामुळे प्रकाश परत फिरतो, आणि म्हणूनच अंधारात दूरवर डोळ्यांचे ठिपके चमकतात. हेच डोळे हेडलाइटच्या झोतात दिपतात व जनावर जागीच खिळते. आधी थबकायचे, मग ऐनवेळी कुठल्याही दिशेला उसळी घ्यायची, ही वाघाला चुकवण्याची रीत हजारो पिढ्यांची आहे. ट्रकपुढे ती उपयोगाची नाही.

चितळे कळपाने राहतात. एक चितळ धावत पलीकडे गेले, की चालकाला हायसे वाटते आणि पाय पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. मागचे दुसरे, तिसरे नेमके तेव्हाच रस्त्यावर येते. पहिले हरीण ही इशाऱ्याची घंटा समजावी.

खरा निकाल हरीण दिसण्याआधीच्या वेगावर ठरतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही पुढे थांबायला साधारण ३५ मीटर लागतात. एकूण अंतर साठ-सत्तर मीटर होते. डिपरच्या उजेडात एवढे लांबचे तपकिरी जनावर अनेकदा दिसतच नाही. हाच वेग ५० ठेवला तर गाडी तीस-पस्तीस मीटरांत उभी राहते. जंगलपट्ट्यातल्या वेगमर्यादेच्या फलकामागचा हिशेब हा आहे.

हरीण समोर आल्यावर ब्रेक जोरात दाबावा, पण स्टिअरिंग सरळ धरावे. हरणाला वाचवायला एकदम गाडी वळवली, तर ती समोरच्या वाहनावर, झाडावर किंवा नाल्यात जाते, आणि माणसे दगावण्याचा धोका कितीतरी वाढतो. जनावर खिळून उभे असेल तर गाडी थांबवून दिवे मंद करावेत व त्याला वाट काढू द्यावी. सीटबेल्ट व हेल्मेट यांना पर्याय नाही. बंपरवर बसवायच्या ‘हरीण-शिट्ट्या’ काही देशांत विकल्या जातात. त्यांनी धडका कमी होतात असे सिद्ध झालेले नाही. त्यांच्या भरवशावर वेग वाढवणे घातक आहे.

तरीही सगळा भार चालकावर टाकणे अन्यायाचे आहे, कारण अनेक ठिकाणी रस्ताच जनावरांच्या जुन्या वाटेवर आला आहे. नागपूर–सिवनी मार्गावरचा पेंच परिसर हे त्याचे ठळक उदाहरण. राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी करण्यावरून तिथे दीर्घ वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर महाराष्ट्राच्या बाजूला जनावरांसाठी नऊ भुयारी मार्ग व पूल बांधले गेले. त्यांतला सर्वात लांब ७५० मीटरांचा आहे. वाहने वरून जातात, खाली जंगल सलग राहते. आवाज व दिव्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून वर कडेने आडोसे आहेत. जनावरे या वाटा वापरतील का, अशी शंका होती. भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा १८ जातींच्या वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रे मिळाली. चितळे आणि रानडुकरे वारंवार टिपली गेली. ११ वाघही तिथून गेले.

कॅनडातील बान्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गालगत कुंपण घालून जनावरांसाठी पूल व भुयारे बांधल्यावर वन्यप्राण्यांच्या धडका ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. कर्नाटकातील बंदीपूरमध्ये २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद ठेवली जाते. प्रवाशांची गैरसोय खरी असली, तरी जिथे पूल नाहीत तिथे याहून खात्रीचा उपाय दिसत नाही.

धडक झालीच, तर गाडी कडेला घेऊन धोक्याचे दिवे लावावेत. जखमी हरणाला हाताळू नये. घाबरलेल्या जनावराचे खूर आणि शिंगे गंभीर इजा करतात, आणि माणसांचा घोळका भोवती जमल्यास त्याची भीती आणखी वाढते. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. अपघातात मेलेले हरीणही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सरकारी मालमत्ता असते. त्याचे मांस किंवा शिंगे नेणे हा गुन्हा आहे.