पिवळ्या स्कूटरवरची कॅसेट

मोबाइल इथेच ठेव. कानातले ते दोन पांढरे मणीही काढ. आपण जातोय तिथे गाणं खिशात मावत नाही. ते माजघरातल्या फळीवर असतं, त्यावर क्रोशाचा रुमाल असतो आणि ते लावायचं तर आधी घरातलं कोण झोपलंय, कोण पूजेला बसलंय ते बघावं लागतं.

डिसेंबर १९८५. मालवण. सकाळ अजून नीट उजाडलेली नाही आणि दांडीच्या किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांचा आवाज येतोय. चुलीवर उकड्या तांदळाची पेज शिजतेय. तू एकोणीस वर्षांची आहेस, स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयात कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षाला. तुझा जिल्हा तुझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. १ मे १९८१ला रत्नागिरीतून वेगळा झाला, आणि आजी अजूनही पत्रावर ‘जि. रत्नागिरी’च घालायला सांगते.

बाबा ओसरीवर बसलेत. या वेळी ते खरं म्हणजे परळला, गिरणीत असायचे. पण १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा साच्यांवर गेलेच नाहीत. चाकरमानी म्हणून गेलेला माणूस गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात येतो. तुझे बाबा एकदा आले ते राहिलेच. मनीऑर्डर थांबली. येताना त्यांनी एक वळकटी, भजनी मंडळातला पखवाज आणि आखातातून आलेल्या शेजाऱ्याकडून घेतलेला नॅशनल पॅनासोनिकचा टू-इन-वन, म्हणजे एकाच पेटीत रेडिओ आणि टेप, आणला. ती तिसरी वस्तू तुझं आयुष्य बदलणार आहे. बाबांना याचा पत्ता नाही.

रात्री सगळे आडवे झाले की तू रेडिओचा काटा पणजी केंद्रावर आणतेस. लाटेसारखा तो आवाज येतो आणि जातो. मधेच एक गिटार स्पष्ट ऐकू येते, मग खरखर, मग कुठलं तरी तिसरंच स्टेशन. ड्रम सुरू झाले की तुझ्या पोटात काहीतरी हलतं. कोणाचं गाणं, ते बहुतेक वेळा कळत नाही. नाव सांगतात तेव्हाच नेमकी लाट ओसरते.

वर्गातल्या एकीच्या मुंबईच्या मावसभावाने दिलेली एक कॅसेटही तुझ्याकडे आहे. ती कॉपीवरून केलेल्या कॉपीची कॉपी आहे. दर कॉपीला झांजेची किणकिण थोडी विरत जाते आणि टेपचा ‘स्स्स’ थोडा वाढतो. तू ऐकतेस तोपर्यंत गायक गोणपाट पांघरून गात असल्यासारखा वाटतो. तरी तुला ती पाठ आहे. आज ज्याला रॉक गार्डन म्हणतात, त्या खडकांवर संध्याकाळी बसून तू ती गाणी ओठांत म्हणतेस. समोर सिंधुदुर्ग काळा होत जातो. इंग्रजीतले अर्धे शब्द तुला कळत नाहीत, ते तू आवाजाने भरून काढतेस.

एकच गोष्ट सलते. ही गाणी म्हणणारी माणसं फार लांबची आहेत. त्यांच्या गाण्यातले रस्ते, पाऊस, शहरं, कशालाच तुझा हात लागत नाही. रॉक आवडणं म्हणजे कायम दुसऱ्याच्या खिडकीबाहेर उभं राहणं, असं तुला वाटायला लागलंय. मग आरोंद्याकडून कॉलेजात येणारी मैत्रीण मधल्या सुट्टीत सांगते, की शिवोलीतल्या एकाने घरात बसून कॅसेट काढलीय. रॉकची.

“घरात?”

“घरात. त्याच्याच.”

शिवोली! गोव्यातली, सीमेच्या पलीकडचीच.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. मावशी सुक्या मासळीसाठी आणि मिरचीसाठी निघालीय, तू तिची पिशवी धरायला म्हणून. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून मिळालेले पैसे रुमालात गाठ मारून घेतलेस. लाल गाडीत खिडकीजवळ जागा मिळते. कुडाळ, सावंतवाडी, बांदा. “खंय उतरतलंस गो?” कंडक्टर विचारतो आणि मावशीच उत्तर देते. पत्रादेवीला गाडी थांबते. तीस वर्षांपूर्वी, १५ ऑगस्ट १९५५ला, गोवामुक्तीसाठी निघालेले सत्याग्रही याच सीमेवर पोर्तुगिजांच्या गोळ्यांना सामोरे गेले, हे तुला आजोबांनी सांगितलंय. आता तिथे नाका आहे. गोवा अजून राज्य झालेलं नाही, दमण आणि दीवबरोबरचा केंद्रशासित प्रदेश आहे.

बाजारात मावशी मासळीवाल्यांशी घासाघीस करायला लागते आणि तू सटकतेस. कॅसेटच्या दुकानात हिंदी सिनेमा, कोंकणी तियात्र, भजनं. तू शिवोलीचं नाव सांगतेस तेव्हा दुकानदार हसतो आणि मागच्या फळीवरून काढून देतो. ‘गोअन क्रेझी’. रेमो फर्नांडिस.

“तो स्वतःच आणून देतो,” दुकानदार सांगतो. “स्कूटरवरून. पिवळी स्कूटर हाय त्याची.”

इथे जरा थांब. या वाक्यावरून घाईने पुढे जाऊ नकोस. तुला आत्तापर्यंत वाटत होतं की कॅसेट कुठल्या तरी कारखान्यातून येते, जशी साखर येते, साबण येतो. आणि आता कळतंय की एक माणूस, मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुकला शिकलेला, गाणी लिहितो, चाली लावतो, सगळी वाद्यं आपणच वाजवतो, आपणच गातो, आपणच ध्वनिमुद्रण करतो, वेष्टनाचं चित्रही आपणच करतो आणि मग दुकानादुकानांत जाऊन त्या कॅसेटी पोचत्या करतो. गाणीही गोव्याचीच, इथल्याच माणसांची. हे सगळं १९८४ साली घडलं, तेव्हा तू इथून चार तासांवर पणजी केंद्राची खरखर ऐकत होतीस.

कसं केलं असेल? मी सांगतो, कारण उद्याच तुला त्याचा उपयोग आहे. साध्या कॅसेटची पट्टी चार मिलिमीटरही रुंद नसते, आणि तिच्यावर चार बारीक वाटा असतात: ए बाजूच्या दोन, बी बाजूच्या दोन. १९७९मध्ये एका जपानी कंपनीने पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र काढलं. ते या चारही वाटा एकाच दिशेने, एकाच वेळी वापरतं, आणि पट्टी दुप्पट वेगाने पळवतं म्हणजे आवाज जास्त स्वच्छ येतो. साठ मिनिटांच्या कॅसेटवर म्हणून पंधराच मिनिटं मावतात. पहिल्या वाटेवर ताल वाजव. मागे ये, तो ऐकत दुसऱ्या वाटेवर गिटार वाजव. मग तिसरी. त्या तीन एकत्र करून चौथीवर उतरव, म्हणजे आधीच्या तीन पुन्हा मोकळ्या. एक माणूस असा हळूहळू अख्खा वाद्यवृंद होतो. चूक झाली की तो थर पुन्हा. शिवोलीच्या घरात असंच चार ट्रॅकचं यंत्र होतं. तिकडे अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२मध्ये ‘नेब्रास्का’ असंच घरी, अशाच यंत्रावर केलं. पण त्याच्या पाठीशी मोठी कंपनी होती. शिवोलीवाल्याच्या पाठीशी स्कूटर होती.

आणि याला शब्द आहे, तो तुला अजून माहीत नाही. इंडी. तुझ्या नातवंडांच्या वयाची मुलं तो एका विशिष्ट आवाजासाठी वापरतील: सैल गिटार, थोडा उदास गळा. मूळ अर्थ तेवढा नाही. १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्सनी उसने पैसे घेऊन आपली तबकडी आपणच काढली, कंपनीची वाट न बघता. आत्ता, तू म्हापशात उभी असताना, अमेरिकेत कॉलेजांची रेडिओ केंद्रं तुझ्याच वयाची मुलं चालवताहेत आणि जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स नावाच्या कॉलेजगावातून आलेला आर.ई.एम. हा बँड त्यांच्यामुळे देशभर पोचतोय. ज्याची परवानगी घ्यावी लागत नाही, ते इंडी. माझ्या मते तुझ्या गावच्या जत्रेतला दशावतारही तेच आहे. लिहिलेली संहिता नाही, दिग्दर्शक नाही. नट आपलं तोंड आपण रंगवतो, बोलणं उभ्या उभ्या रचतो, आणि हार्मोनियम, मृदंग, झांज एवढ्यावर रात्र उजाडते. पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारी ती माणसं कोणाच्या होकारासाठी थांबत नाहीत. तू हे लहानपणापासून बघत आलीस, फक्त रॉकशी त्याचा संबंध जोडला नव्हतास.

परतीच्या गाडीत मावशीला पेंग आलीय आणि तू बाहेर दिसणारी प्रत्येक स्कूटर न्याहाळतेस. निळी. करडी. हिरवी. बांद्यापर्यंत एकही पिवळी दिसत नाही.

तुझं वय झरझर पुढे सरकताना मला दिसतंय, ते पटकन सांगून टाकतो. पुढच्या वर्षी, १९८६ला, मुंबईत इंडिपेंडन्स रॉक सुरू होईल. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आभाळाखाली, कॉलेजची पोरं घसा फुटेपर्यंत ओरडतील. १९८८मध्ये रॉक मशीन नावाचा मुंबईचा बँड स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढेल. तोवर या देशात रॉक म्हणजे बहुतेक परक्यांची गाणी हुबेहूब वाजवणं. ती सवय मोडायला वर्षं लागतील. १९९३ला अलाहाबादेत अमित सैगल ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढतील. दिल्ली नव्हे, मुंबई नव्हे, अलाहाबाद! हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मासिक पोस्टाने येतं आणि पोस्टमन मालवणातही असतो. सैगल २०१२मध्ये गोव्याच्या समुद्रात बुडून जातील. १९९८ला कोकण रेल्वे येईल. रंगभवनातले कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमाने थांबतील. २०१०ला पुण्यात एनएच७ वीकेंडर हा महोत्सव भरेल, आणि अभंगाला डिस्टॉर्शनची गिटार लावणारे मराठी बँडही येतील. पुरे. परत ये, तुझी गाडी मालवणात शिरतेय.

रात्र. जेवणं झाली. तू फळीवरचा रुमाल काढतेस आणि कॅसेट घालतेस. पहिल्यांदाच मूळ प्रत ऐकतेयस, गोणपाट नाही. गिटारची तार बोटाखाली घसरल्याचासुद्धा आवाज येतो. आई चुलीकडून म्हणते, “आवाज बारीक कर गो, आजयेचो डोळो लागलो हा.” तू बारीक करतेस आणि कान जाळीला लावतेस. तिसऱ्या गाण्याला ओसरीवरून बाबा उठून येतात. संपानंतरच्या चार वर्षांत ते कुठल्या आवाजासाठी उठून आलेले तुला आठवत नाही. भजनालाही ते जाईनासे झालेत. पखवाज खुंटीला आहे, शाईच्या पुडीला भेगा पडल्यात.

“ही किती माणसां आसत?” ते विचारतात.

“एकच.”

“एकटोच? मगे पाठसून गाता तो कोण?”

“तोच.”

बाबा गप्प. त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलताहेत. गिरणीत शंभर माणसं लागत तेव्हा एक तागा निघायचा. इथे एक माणूस ताणा, बाणा, रंग, सगळं एकट्याने करतोय. त्यांच्या मनात हेच चाललंय की नाही, मला सांगता येणार नाही. मला बोटं दिसतात.

“परत लाय,” ते म्हणतात.

शेजारच्या काकींकडेही टेप आहे, साधा, एका स्पीकरचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तू तो मागून आणतेस, आणि कोरी कॅसेट नाही म्हणून जुन्या कॅसेटच्या कोपऱ्यातल्या तुटलेल्या खाचेवर कागदाची घडी बसवतेस, म्हणजे तिच्यावर पुन्हा मुद्रण होतं. बाबांनी कणीक मळून घेतलीय. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ती लावतात, थाप मारून बघतात, थोडी काढतात, पुन्हा मारतात. आवाज खाली, छातीत उतरतो.

काम असं आहे. आधी बाबांचा ताल काकींच्या टेपवर घ्यायचा. मग तो टेप वाजवत ठेवायचा, त्याच्यासमोर बसून तू गायचं, आणि दोन्ही मिळून टू-इन-वनवर उतरवायचं. दोनच थर. चार वाटांचं यंत्र या घरात कधी येणार नाही, पण दोन टेप आणि एक खोली आहे. दार लावलं तरी समुद्र आत येणार. कोंबडा आरवणार, आजी खोकणार. येऊ दे सगळं.

शब्द तुझे आहेत, काल रात्री वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले. मालवणीत. त्यात परळचा एक बंद दरवाजा आहे आणि पहाटेची रापण आहे. चाल पणजी केंद्रावर अर्धवट ऐकलेल्या त्या गिटारवरून सुचली. नेमकी कुठून, ते आता तुलाही सांगता येणार नाही.

बाबा तुझ्याकडे बघतात. काकींचा टेप फिरायला लागला आहे, त्यातून त्यांचीच थाप येतेय. टू-इन-वनवर लाल ठिपक्याचं बटण डावीकडे आहे, प्लेचं त्याच्या शेजारी. एकटं दाबून काही होत नाही. दोन्ही एकदम दाब.