परसातील मिश्र वयाच्या कोंबड्यांचा आहार

एकाच खुराड्यात राहणाऱ्या, पण वेगवेगळ्या वयाच्या कोंबड्यांना घरच्या घरी खाद्य देण्याची पद्धत. महाराष्ट्रातील खेड्यांत परसातल्या लहानशा कळपात अंड्यावरच्या कोंबड्या, एखाददुसरा कोंबडा, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या), खुडूक कोंबडी आणि तिची पिल्ले असे सगळेच एकत्र वावरतात. व्यावसायिक कुक्कुटशाळेत एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी असल्याने वयाप्रमाणे खाद्य बदलता येते. परसात एकासाठी टाकलेले खाद्य दुसराच टिपतो, आणि त्यातला सर्वांत मोठा धोका कॅल्शियमचा असतो.

अंड्याचे कवच साधारण ५ ते ६ ग्रॅम भरते व त्यात २ ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते. म्हणून लेअर मॅश या तयार खाद्यात कॅल्शियमचे प्रमाण ३.५ ते ४ टक्के ठेवतात. पिल्लांना व तलंगांना जेमतेम १ टक्का पुरते. हेच लेअर मॅश त्यांच्या पोटात आठवडेच्या आठवडे जात राहिले, तर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, यूरिक आम्लाचे पांढरे थर आतल्या अवयवांवर साचतात आणि पक्षी दगावतो. बाहेरून फारसे काही दिसत नसल्याने दोष बहुधा साथीच्या रोगाला दिला जातो. उलट अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियम कमी पडले, तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते; कवच पातळ होते.

यावर निर्धोक उपाय एकच: सर्वांना १८ ते २० टक्के प्रथिने व सुमारे १ टक्का कॅल्शियम असलेले वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता चुरा स्वतःहून टिपते, तोही मुख्यतः संध्याकाळी, कारण कवच बहुतांशी रात्री घडते. पिल्ले व कोंबडे त्याकडे फारसे वळत नाहीत. चुरा ज्वारीच्या दाण्याएवढा जाडसर हवा. पीठ लवकर पुढे सरकते. जाड तुकडे मात्र पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) टिकून रात्रभर थोडेथोडे विरघळतात. कोकणात कालवांचे व तिसऱ्यांचे शिंपले सहज मिळतात. देशावर चुनखडीचा चुरा किंवा वाळवून कुटलेली अंड्याची टरफले वापरता येतात. पानाला लावायचा चुना दाहक असतो, तो देऊ नये. दाणे दळण्यासाठी लागणारे बारीक खडे ही वेगळी गरज. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या ते अंगणातून उचलतात.

प्रथिनांची उणीव हा घरच्या खाद्याचा दुसरा कच्चा दुवा होय. तांदळाची कणी, ज्वारी, बाजरी, मका यांत प्रथिने साधारण ८ ते १२ टक्केच असतात. केवळ कणीवर वाढवलेली पिल्ले खुरटतात. शेंगदाणा पेंड, सोयाबीन पेंड, किनाऱ्यालगत सुकट, टाक्यात वाढवलेला अझोला यांनी ही उणीव भरून निघते. घरचे सोयाबीन कच्चे घालू नये. त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात, म्हणून ते नीट भाजून भरडावे. पिल्लांसाठी वाळवी हे फुकटचे उत्तम खाद्य आहे. ओले शेण, गवत व भिजवलेले गोणपाट भरलेले मडके संध्याकाळी वारुळाच्या तोंडावर पालथे घातले, की सकाळी ते वाळवीने भरलेले मिळते.

खाद्य एकच असले तरी ते दुबळ्यापर्यंत पोहोचावे लागते. थोराड कोंबड्या तलंगांना टोचून हुसकतात, म्हणून भांडी दोन-तीन ठिकाणी मांडावीत. पिल्लांसाठी डालगे विटांवर टेकवून जमिनीपासून तीन बोटे उंच ठेवतात व खाद्य त्याखाली मध्यभागी ठेवतात. पिल्ले खालून आत शिरतात, मोठ्यांची चोच तिथवर पोहोचत नाही. आईला बाहेर थोडे दाणे टाकावेत, नाहीतर ती डालगे उलथते. पिल्लांसाठी पाणी उथळ भांड्यात, तळाशी खडे घालून ठेवावे. खोल भांड्यात ती बुडतात.

सुगीत खळ्यावरचे दाणे आणि पावसाळ्यात किडे, कोवळे गवत यांवर मोठ्या कोंबड्यांचे बरेचसे भागते. फेब्रुवारी ते मे हे चरणे आटते. तेव्हा खाद्य वाढवावे, उन्हाळ्यात ते सकाळी लवकर व दिवस कलल्यावर द्यावे. पावसाळ्यात पेंड व मका यांवर बुरशी धरते. तिच्यातील अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाला घालते आणि पिल्ले त्याला आधी बळी पडतात. असे खाद्य उन्हात वाळवले तरी विष जात नाही. ते टाकूनच द्यावे. खारवलेले उष्टे, पापड, लोणचेही पिल्लांना बाधते.

पिल्लांच्या तयार खाद्यात काही वेळा रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) रोखणारे औषध मिसळलेले असते. मिश्र कळपात ते अंड्यावरच्या कोंबड्याही खातात व औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो. अशा कळपासाठी औषधविरहित खाद्यच घ्यावे. तसे न मिळाल्यास पोत्यावरील सूचना वाचून तिथे दिलेल्या मुदतीपर्यंतची अंडी घरात वा बाजारात वापरू नयेत.