आवर घालणाऱ्या पेशी

दिवाळीच्या सुमारास लिंबागणेशच्या परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. अशाच एका टोळीतल्या गड्याच्या पाठीवर बधिर चट्टा दिसला आणि मुकादमाने त्याला, उचल अंगावर ठेवून, फडावरून घालवून दिले. "पूर्वजन्मीचे पाप," असे चारचौघे बोलले. मी फारशी शाळा न शिकलेला माणूस. पण तेव्हापासून एक प्रश्न मला छळीत राहिला : एकाला एकच चट्टा, तर दुसऱ्याचे सर्वांग व्यापते, असे का?

१८७३ साली नॉर्वेत हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला, तेव्हाच पापाची गोष्ट संपायला हवी होती. तरी १८९० मध्ये मुंबईत माटुंग्याला रोग्यांसाठी उघडले ते आधी आश्रयस्थान, औषध नव्हतेच. जंतू दोघांतही एकच. फरक शरीराच्या लढ्यात. लढाऊ पांढऱ्या पेशी एका रोग्यात जंतूंना रोखून धरतात, दुसऱ्यात स्वस्थ बसतात. त्यांना बसवतो कोण?

१९७० साली अमेरिकेतील येल विद्यापीठाचे गेर्शन आणि कोंडो यांनी सांगितले की, इतर पेशींना आवर घालणाऱ्याही पेशी असतात. कल्पना झपाट्याने पसरली. १९८० च्या सुमारास कुष्ठरोगाचा उलगडाही तिच्या आधारे मांडला गेला. पुढे मात्र या पेशींची म्हणून सांगितलेली जनुकाची खूण उंदरात ठरल्या जागी सापडेना आणि सारा विषय बदनाम झाला. मौज अशी की, विद्वानांतही बहिष्कार असतो!

जपानचे शिमोन साकागुची मात्र चिकटून राहिले. नवजात उंदरांची थायमस ग्रंथी काढली की त्यांच्या पेशी स्वतःच्याच अवयवांवर उठत. निरोगी उंदराच्या पेशी टोचल्या की ते थांबे. १९९५ मध्ये त्यांनी आवर घालणाऱ्या पेशींची पक्की खूण दाखवली. ज्या जनुकाच्या बिघाडाने असे बंड माजते, ते २००१ मध्ये मेरी ब्रुन्कॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधले. त्याच जनुकावर या पेशींची घडण अवलंबून असते, हे २००३ मध्ये ठरले. २०२५ चे नोबेल तिघांना मिळाले. गेर्शन १९८३ मध्येच वारले होते.

संप चालवलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. दगड उचललेला हात धरणारा स्वयंसेवक नसेल, तर आपलीच माणसे आपलीच घरे फोडतात. पण सगळेच हात धरणारे झाले, तर संप मोडतो. कर्करोगाच्या कित्येक गाठींत नेमक्या अशाच पेशी जमतात आणि मारेकरी पेशी थबकतात. अंगभर पसरलेल्या कुष्ठरोगातही त्या काही अभ्यासांत जास्त आढळल्या. सारा दोष त्यांचाच, असे मात्र नव्हे.

तो गडी सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्यांनी सहा महिन्यांत बरा झाला. त्याची उचल अजून फिटायची आहे.