सेरामपूर मिशनमधील दैनंदिन जीवन

सेरामपूर मिशन हे बंगालमधील हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील सेरामपूर (बंगाली नाव: श्रीरामपूर) येथे इ.स. १८०० मध्ये सुरू झालेले इंग्लिश बॅप्टिस्ट मिशनऱ्यांचे केंद्र होते. महाराष्ट्रातील श्रीरामपूर शहराशी त्याचा संबंध नाही. विल्यम कॅरी (१७६१–१८३४), जोशुआ मार्शमन (१७६८–१८३७) आणि विल्यम वॉर्ड (१७६९–१८२३) हे त्याचे तीन आधारस्तंभ असून ते ‘सेरामपूर त्रयी’ या नावाने ओळखले जातात. बायबलची भाषांतरे, देशी भाषांतील मुद्रण आणि शिक्षण यांसाठी हे केंद्र प्रसिद्ध आहे. या कार्याचा आर्थिक आणि व्यावहारिक पाया मात्र एका एकत्र कुटुंबासारख्या रचनेत होता. अनेक कुटुंबे एका वाड्यात राहत, एका टेबलावर जेवत आणि एका सामाईक तिजोरीतून खर्च करीत. या सहजीवनामुळे मिशन उभे राहिले आणि पुढे त्याच्या मालमत्तेवरूनच मातृसंस्थेशी ताटातूट झाली.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १७९२ साली बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. मूळचे चर्मकार आणि नंतर धर्मोपदेशक झालेले कॅरी नोव्हेंबर १७९३ मध्ये पत्नी डोरोथी व मुले यांच्यासह बंगालमध्ये पोहोचले. डॉ. जॉन थॉमस हे त्यांचे सहकारी होते. ईस्ट इंडिया कंपनीचा आपल्या मुलखात मिशनरी येण्यास विरोध होता. उपजीविकेसाठी कॅरी यांनी उत्तर बंगालमधील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहिली. तेथेच १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने दगावला.

ऑक्टोबर १७९९ मध्ये मार्शमन, वॉर्ड, विल्यम ग्रँट आणि डॅनियल ब्रन्सडन यांची तुकडी एका अमेरिकन जहाजातून आली. कंपनीच्या हद्दीत राहणे शक्य नसल्याने त्यांनी कलकत्त्याच्या उत्तरेस असलेल्या सेरामपूर या डेन्मार्कच्या वसाहतीत आश्रय घेतला. तेथील गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना संरक्षण दिले. तीन आठवड्यांच्या आतच ग्रँट यांचे निधन झाले. कॅरी मदनाबाटी सोडून १० जानेवारी १८०० रोजी सेरामपूरला आले आणि नदीकाठचे, मोठी बाग असलेले एक घर विकत घेण्यात आले.

घराचे नियम

कॅरी आल्यानंतर आठवडाभरातच कुटुंबाच्या कारभाराचे नियम ठरले. वॉर्ड यांनी ते आपल्या दैनंदिनीत नोंदवून ठेवले आहेत. प्रवचन व प्रार्थना सर्वांनी पाळीपाळीने करावी आणि घराची व्यवस्था एकेकाने महिनाभर पाहावी, असे ठरले. खजिना आणि औषधांची पेटी कॅरी यांच्याकडे, तर ग्रंथसंग्रह जॉन फाउंटन यांच्याकडे होता. कोणीही खाजगी व्यापार करू नये, जे काही मिळेल ते मिशनसाठी असावे, हा यांतील सर्वांत महत्त्वाचा नियम होय.

शनिवारची संध्याकाळ परस्परांतील मतभेद मिटविण्यासाठी राखून ठेवलेली असे. दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांत कुरबुरी होणारच, हे या मंडळींनी आरंभीच गृहीत धरले होते. पुढे १८०५ मध्ये अकरा कलमांचा एक करारनामा तयार झाला. लोकांची भाषा व विचार समजून घेणे, त्यांचा दुरावा वाढेल असे वर्तन टाळणे, देशी प्रचारकांना पुढे आणणे आणि स्वतःसाठी काही न ठेवणे, हा त्याचा आशय होता. तो प्रत्येक केंद्रात वर्षातून तीन वेळा वाचला जावा असे ठरले.

दिनक्रम

आरंभीच्या काळातील दिनक्रमाचे वर्णन वॉर्ड यांच्या लेखनात मिळते. त्यानुसार दिवसाची साधारण आखणी पुढीलप्रमाणे होती:

- सकाळी ६: सर्वजण उठत. कॅरी बागेत जात. वॉर्ड, ब्रन्सडन आणि कॅरी यांचा थोरला मुलगा फेलिक्स छापखान्यात जात. मार्शमन सातच्या सुमारास शाळेत जात.
- सकाळी ८: घंटा होई. दिवाणखान्यात गायन, वाचन व प्रार्थना होऊन नंतर न्याहारी.
- न्याहारीनंतर: कॅरी भाषांतर करीत किंवा मुद्रिते तपासत. इतर जण शाळा आणि छापखाना सांभाळत.
- दुपारी १२: अल्पोपाहार. त्यानंतर स्नान, वाचन व वामकुक्षी.
- दुपारी ३: मुख्य भोजन. भोजनानंतर एखाद्या वचनावर किंवा प्रश्नावर प्रत्येकजण आपले विचार मांडी.
- संध्याकाळी ७: चहा. रात्रीचे जेवण जवळजवळ नसेच.

आठवड्यातून एकदोनदा बंगालीत प्रवचन होई. गुरुवारी आत्मिक अनुभवांची बैठक भरे आणि शनिवारी चहानंतर प्रार्थना होऊन व्यवहार व मतभेद यांचा निकाल लागे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी न्याहारीपूर्वी दोन तास विशेष प्रार्थना होत असे.

जुळारी काम सोडून गेला, तर मिशनरी स्वतः खिळे जुळवीत. कॅरी यांचा दुसरा मुलगा विल्यम दिवसाचा काही भाग शाळेत आणि काही भाग पुस्तक-बांधणी शिकण्यात घालवी. बंगाली खिळे पाडण्याचे कौशल्य पंचानन कर्मकार यांचे होते. त्यांच्यानंतर त्यांचे जावई मनोहर यांनी ते काम पुढे नेले. १८०१ च्या आरंभी बंगाली नवा करार छापून पूर्ण झाला.

स्त्रियांचे कार्य

मे १८०० मध्ये जोशुआ आणि हॅना मार्शमन (१७६७–१८४७) यांनी युरोपीय मुलांसाठी निवासी शाळा सुरू केल्या. त्यांचे उत्पन्न हा मिशनचा पहिला भक्कम आधार ठरला. मुलींच्या शाळेचा भार हॅना यांनी वाहिला. त्याचबरोबर मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक, पाहुणे, आजारी माणसे आणि कॅरी यांची आईच्या मायेवाचून वाढणारी मुले यांच्याकडेही त्या पाहत. त्यांना स्वतःला बारा अपत्ये झाली. त्यांपैकी पाचच वडिलांच्या पश्चात जिवंत राहिली. जुन्या इतिहासग्रंथांत त्रयीच्या तुलनेत हॅना यांना थोडी जागा मिळाली असली, तरी अलीकडचे अभ्यासक त्यांना मिशनच्या संस्थापकांत गणतात.

डोरोथी कॅरी यांची कहाणी वेगळी आहे. परदेशी जाण्यास त्या मुळात तयार नव्हत्या. पीटरच्या मृत्यूनंतर त्यांचे मानसिक संतुलन ढळले आणि पुढील अनेक वर्षे त्यांना खोलीत बंद ठेवावे लागले. शेजारच्या दालनात कॅरी भाषांतर करीत असत. ८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथी यांचे निधन झाले.

पंगत, जात आणि अंत्यविधी

एकत्र भोजन ही इंग्रज कुटुंबांच्या दृष्टीने सोय होती. बंगाली समाजाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ फार गंभीर होता. कृष्ण पाल या सुताराचा खांदा निखळला असता डॉ. थॉमस यांनी तो बसविला. या ओळखीतून तो मिशनकडे वळला. डिसेंबर १८०० मध्ये कृष्ण पाल आणि त्याचा मित्र गोकुळ यांनी मिशनऱ्यांच्या टेबलावर बसून अन्न घेतले. जात मोडल्याची वार्ता पसरताच जमाव जमला आणि त्यांना अधिकाऱ्यांपुढे ओढत नेण्यात आले. अधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिले. २८ डिसेंबर रोजी कृष्ण पाल आणि फेलिक्स कॅरी यांचा हुगळी नदीत बाप्तिस्मा झाला. त्याच सुमारास डॉ. थॉमस यांचाही मानसिक तोल सुटला होता.

१८०३ मध्ये कृष्ण पालच्या मुलीचा विवाह ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या कृष्णप्रसाद याच्याशी झाला. त्याच वर्षी गोकुळचे निधन झाले, तेव्हा शवपेटी कोणी उचलावी हा प्रश्न उभा राहिला. मार्शमन, फेलिक्स, पूर्वाश्रमीचा ब्राह्मण भैरव आणि पूर्वाश्रमीचा मुसलमान पीरू या चौघांनी ती खांद्यावर घेतली. जेवणाच्या टेबलावर जे तत्त्व मान्य झाले होते, ते स्मशानभूमीतही पाळले गेले.

अर्थव्यवस्था

मिशनच्या उत्पन्नाचे मुख्य मार्ग तीन होते: मार्शमन दांपत्याच्या शाळा, वॉर्ड यांचा छापखाना आणि कॅरी यांचे वेतन. १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी यांची दरमहा ५०० रुपयांवर नेमणूक झाली. पुढे हे वेतन १,००० रुपये झाले. त्याचा बहुतांश भाग सामाईक तिजोरीत जाई. घरखर्चासाठी लहानशी रक्कम आणि कॉलेजात नीटनेटक्या पोशाखात जाता यावे म्हणून थोडा भत्ता, एवढेच ते स्वतःकडे ठेवीत. अध्यापनासाठी दर आठवड्याला होडीने कलकत्त्यास जाऊन काही दिवस ते तेथे राहत.

भाषाभ्यास आणि मराठी

कॅरी यांनी १८०६ मध्ये एका पत्रात आपल्या कलकत्त्यातील एका दिवसाचा हिशेब दिला आहे. पहाटे हिब्रू बायबलचे वाचन, नोकरांसह बंगालीत प्रार्थना, चहा तयार होईपर्यंत मुनशीबरोबर फारसी, न्याहारीनंतर पंडितांसह संस्कृत रामायणाचे भाषांतर, मग कॉलेज. दुपारी बंगाली मुद्रिते आणि संस्कृत भाषांतर, संध्याकाळी तेलुगू पंडिताकडे शिक्षण, त्यानंतर प्रवचन, रात्री पुन्हा बंगाली भाषांतर आणि शेवटी ग्रीक नव्या कराराचा एक अध्याय, असा तो क्रम होता. जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर त्यांच्याबरोबर एखादा पंडित किंवा मुनशी आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

कॉलेजात कॅरी मराठीही शिकवीत. या कामात त्यांना वैजनाथ शर्मा या पंडितांचे साहाय्य लाभले. १८०५ मध्ये कॅरी यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण आणि मत्तयकृत शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर, तर १८१० मध्ये मराठी–इंग्रजी कोश सेरामपूर येथे छापला गेला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४) आणि ‘हितोपदेश’ (१८१५) ही मराठी गद्य पुस्तकेही तेथेच निघाली. या मराठीवर नागपूरकडील वळणाची छाप होती. मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. तरीही मराठी मुद्रणाच्या इतिहासातील पहिल्या प्रकरणांपैकी एक मराठी मुलखाबाहेर, हुगळीच्या काठी लिहिले गेले.

आपत्ती

पहिल्या दोन वर्षांतच ग्रँट, फाउंटन, ब्रन्सडन आणि थॉमस हे चौघेही मरण पावले. फाउंटन यांच्या विधवा पत्नी मेरी यांच्याशी वॉर्ड यांनी १८०२ मध्ये विवाह केला.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्यास आग लागली. कागद, अनेक लिप्यांचे खिळे आणि कॅरी यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळाली. त्यांत बहुभाषी कोशाचे साहित्य होते. मनुष्यहानी झाली नाही. कॅरी तेव्हा कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी जाऊन त्यांना हे वृत्त सांगितले. राखेत खिळ्यांचे मूळ ठसे शाबूत सापडले आणि वितळलेल्या धातूतून नवे खिळे ओतून अल्पावधीतच छपाई पुन्हा सुरू झाली. १८२३ हे वर्षही कठीण गेले. मार्चमध्ये वॉर्ड पटकीने वारले. ऑक्टोबरमध्ये होडीतून उतरताना पडल्याने कॅरी अंथरुणाला खिळले आणि त्याच सुमारास आलेल्या पुराने त्यांची बाग उद्ध्वस्त केली.

मतभेद आणि विभाजन

आरंभीचे नियम मोजक्या समवयस्क माणसांनी, परस्परांवरील विश्वासाने केले होते. नंतर इंग्लंडहून आलेल्या तरुण मिशनऱ्यांना सामाईक भोजन, सामाईक तिजोरी आणि ज्येष्ठांचा, विशेषतः मार्शमन यांचा, अधिकार जाचक वाटू लागला. कॅरी यांचे पुतणे युस्टेस यांच्यासह काहींनी कलकत्त्यात वेगळी चूल मांडली. सोसायटीचे पहिले सचिव अँड्र्यू फुलर १८१५ मध्ये वारल्यावर लंडनशी असलेला जिव्हाळ्याचा दुवाही तुटला.

वादाचे मूळ मालमत्तेत होते. सेरामपूरची घरे आणि छापखाना बहुतांशी मिशनऱ्यांच्या स्वकष्टार्जित पैशातून उभे राहिले होते. ही मालमत्ता मिशनची असली, तरी तिचा कारभार आपल्याच हाती असावा, असे ज्येष्ठांचे म्हणणे होते. सोसायटीला तिच्यावर आपले नियंत्रण हवे होते. अखेर १८२७ मध्ये दोन्ही पक्ष विभक्त झाले. कॅरी यांच्या निधनानंतर आणि मार्शमन यांच्या अखेरच्या दिवसांत, १८३७ च्या सुमारास, ही फूट सांधली गेली.

मूल्यमापन

या जीवनाची उपलब्ध वर्णने मुख्यतः मिशनऱ्यांच्या लेखणीतली आहेत. पंडित, खिळे पाडणारे कारागीर, नोकर आणि धर्मांतरितांच्या घरातील स्त्रिया त्यांत येतात, पण बहुधा दुसऱ्याच्या शब्दांतून. हिंदू धर्म व समाज यांविषयीचे मिशनऱ्यांचे, विशेषतः वॉर्ड यांचे, लेखन एकांगी असल्याची टीका झाली आहे. १८२० नंतर राजा राममोहन रॉय आणि मार्शमन यांच्यात धर्मतत्त्वांवर मोठा वादही झाला.

सेरामपूर येथे १८१८ मध्ये स्थापन झालेले महाविद्यालय आजही चालू आहे. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांच्या कबरी गावातील मिशनच्या दफनभूमीत आहेत.