लिंगभाव अभ्यास : मराठवाड्यातील ऊसतोड
स्त्री आणि पुरुष यांच्या वाट्याला येणारी कामे, हक्क, मान आणि मालमत्ता यांतला फरक शरीरामुळे किती पडतो आणि समाजव्यवस्थेमुळे किती, याचा शोध घेणारी ज्ञानशाखा. मराठीत हा प्रश्न बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून रोखठोक मांडला. विद्यापीठांत तो फार उशिरा पोचला; मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले ते १९७४ साली. जन्मदर, शिक्षण, हिंसा यांची आकडेवारी या शाखेने पुष्कळ जमवली. मात्र विषमता टिकते कशी हे समजून घ्यायचे तर माणसांची मोजणी कोणत्या मापाने होते तेही पाहावे लागते, आणि त्यासाठी मराठवाड्यातील ऊसतोडीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

नांदेड जिल्ह्यातील लोहा, कंधार, मुखेड हा बालाघाटाच्या रांगांलगतचा, बराचसा कोरडवाहू पट्टा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून, तसेच लातूर आणि बीडमधून, मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा कंत्राटदार, उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर हा अर्धा कोयता. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावर वाहून गाडीत भरणे या साऱ्यांत बाई पुरुषाच्या बरोबरीने राबते. पहाटेच्या भाकरी, पाणी, सरपण आणि कोपीतली (पालाच्या झोपडीतली) लेकरे हे काम तिचे एकटीचे, आणि त्याचा हिशेबच नाही. मजुरी टनावर ठरते, जोडीला मिळते, आणि उचल बहुतेक वेळा पुरुषाच्या हाती पडते. कष्ट दोघांचे असले तरी नोंदीत बाई स्वतंत्र मजूर म्हणून उरत नाही.

पैसा शेवटी एकाच घरात जातो, मग वेगळी नोंद कशाला, असा आक्षेप घेतला जातो. घर एक असले तरी त्यातला अधिकार सारखा वाटलेला नसतो. उचल किती घ्यायची, ती कशावर खर्चायची हे जिला विचारले जात नाही, तिलाही ती फेडायला उसाच्या फडात उतरावेच लागते. बाई आजारी पडली, पाळीत किंवा बाळंतपणात बसून राहिली, तर खाडा (गैरहजेरीचा दंड) पडतो आणि तो सगळ्या कोयत्याला लागतो. म्हणजे तिचे शरीर हे घराच्या कर्जाचे कारण ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हा प्रश्न गरिबीचा, दुष्काळाचा आणि जातीचा आहे. ते खरेच आहे; तोडीला जाणाऱ्यांत भूमिहीन, अल्पभूधारक, बंजारा, वंजारी आणि दलित कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. पण एकाच कोपीतल्या दोघांवर गरिबीचा भार वेगवेगळा का पडतो, हे नुसत्या गरिबीने उलगडत नाही. याचे ठळक उदाहरण गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे : २०१९ मध्ये त्यांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती, म्हणजे साधारण सहापैकी एकीचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) महाराष्ट्रासाठी हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. प्रत्येक शस्त्रक्रिया खाड्याच्या भीतीनेच झाली असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. काहींना वैद्यकीय कारण असेलही, काही ठिकाणी खासगी दवाखान्यांचा नफाही असेल. पण फडावर शौचालय नाही, विसाव्याची सोय नाही, जड मोळ्या रोजच्याच, आणि विश्रांती घेतली की दंड, अशा स्थितीत दुखणे कायमचे काढून टाकण्याचा सल्ला बाईला सोयीचा वाटू लागतो. असा निर्णय केवळ खासगी मानता येत नाही.

ऊसतोड कामगारांसाठी राज्यात दिवंगत नेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे. त्याच्या आणि कारखान्यांच्या नोंदींत प्रत्येक बाईचे नाव, तिची मजुरी आणि तिची रजा स्वतंत्रपणे लिहिली गेली पाहिजे. कोयता हे माप तेवढ्यासाठी तरी मोडायलाच हवे.